शेतांतील पांखरांचीं छायाचित्रें कशीं घ्यावीं

आपल्या शेतांत राहणाऱ्या पांखरांची आपली ओळख बहुधा ऐकीव असते. टिटवी ओरडली कीं अपशकुन होतो, तिनें उंचवट्यावर अंडीं घातलीं कीं पाऊस फार पडतो, रात्रीं ती आभाळ सावरण्यासाठीं पाय वर करून निजते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु पंचनाम्यांत ऐकीव मजकूर चालत नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहावें लागतें. जवळून घेतलेलें छायाचित्र हा पांखरांच्या वर्तनाचा पंचनामाच होय. तें कसें घ्यावें, व तें घेतांना पांखरांचा घात कसा टाळावा, हें स्वानुभवावरून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम साधनांविषयीं. दूरच्या पक्ष्यासाठीं ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स असलेला कॅमेरा लागतो. उडत्या पक्ष्याकरितां शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवावा. बसलेल्यास याहून पुष्कळ कमी वेग पुरतो. सकाळचा कोंवळा प्रकाश उत्तम. सूर्य आपल्या पाठीशीं असावा, आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. जमिनीवरील पक्ष्यासाठीं आपणच पालथें पडावें. ज्यांजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनीं तो हरभऱ्यांतील पक्षीथांब्याजवळ गोणपाटांत गुंडाळून, भिंग उघडें राखून, चलच्चित्र सुरू करून ठेवावा व स्वतः दूर जावें. थांब्यावर बसणारा कोतवाल काय खातो हें त्यांतून पुष्कळदां दिसतें.

साधनांहून महत्त्वाचें तें पक्ष्याचें भय ओळखणें. नांगरामागें बगळे, कोतवाल, साळुंक्या निर्भयपणें चालतात. तोच मनुष्य बैल सोडून एकटा त्यांच्याकडे वळला कीं त्या उडतात. म्हणजे भय आहे तें जवळ येणाऱ्या माणसाचें. गुरांचें वा गाडीचें नव्हे. ही गोष्ट इंग्लंडांत यॉर्कशायरच्या शेतकरी कुटुंबांत जन्मलेल्या रिचर्ड व चेरी कियर्टन या बंधूंनीं ओळखली होती. त्यांनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें आणि पुढें पोकळ बैल बनवून त्याच्या पोटांत बसून पक्षी टिपले. आपणांस एवढा खटाटोप नको. उभी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर पुरे.

घरट्याजवळ बसावयाचें असल्यास लपण करावें. चार बांबू रोवून त्यांवर गोणपाट घट्ट ताणावें. फडफडणारें कापड पक्ष्यास बुजवितें. पहिल्या दिवशीं तें निदान चाळीस पावलांवर असावें. पक्षी अंड्यांवर परत बसला असें दिसल्यावरच दुसऱ्या दिवशीं कांहीं पावलें पुढें न्यावें. लपणांत दोघांनीं मिळून जावें आणि एकानें उघडपणें परत फिरावें. पुष्कळ पक्ष्यांस एक गेला म्हणजे सर्व गेले असें वाटतें. त्यानंतर धीर धरावा. डॉ. सालिम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें सुगरणींची अशीच धीरानें पाहणी केली. नर अर्धवट घरटें बांधतो, मादी तें पाहून पसंत करते, मग तो तें पुरें करून दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हें त्या पाहणीमुळें उघड झालें.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. डाळिंबाच्या झाडांत बुलबुलाचें घरटें होतें. आंत तीन पिलें. मध्यें येणाऱ्या दोन डहाळ्या मीं चित्र स्वच्छ यावें म्हणून छाटल्या. चित्र फार सुरेख आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरटें रिकामें होतें आणि शेजारच्या कुंपणावर भारद्वाज बसला होता. त्यानेंच पिलें नेलीं असें मीं शपथेवर सांगणार नाहीं. पण आडोसा काढला तो मीं, हें निश्चित. तें चित्र मीं कोणास दाखवीत नाहीं. तेव्हांपासून नियम केला कीं डहाळी छाटूं नये; सुतळीनें किंचित् बाजूस बांधावी, आणि उठतांना सोडून पूर्ववत् करावी.

पुढें वैशाखांत नांगरून पडलेल्या रानांत टिटवीचीं चार अंडीं सांपडलीं. ढेकळांत तीं इतकीं मिसळून गेलीं होतीं कीं पाय पडतां पडतां वांचला. अंडीं उबण्यास सुमारें चार आठवडे लागतात. आणि वखराची पाळी तर आठ दिवसांवर आलेली. शेवटीं चार हात लांब-रुंद तुकडा तसाच राखला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले व ट्रॅक्टरवाल्यास जागा दाखवून दिली. पाळी भोंवतालून गेली. टिटवी दूर जाऊन ओरडत राहिली, व यंत्र पुढें सरतांच परत येऊन बसली.

लपणांतून जें दिसलें तें कोणत्याही ऐकीव गोष्टीहून नवलाचें होतें. नर व मादी पाळीपाळीनें बसत. ऊन तापलें कीं येणारा पक्षी पाटाच्या पाण्यांत पोट भिजवून येई आणि त्या ओल्या पिसांनीं अंडीं थंड करी. छायाचित्रांत पोटावरून ठिबकणारें पाणी स्पष्ट दिसतें. चारांपैकीं तीन पिलें निघालीं. थोड्याच वेळांत तीं आईमागें धावूं लागलीं, व इषाऱ्याबरोबर जमिनीस चिकटून दिसेनाशीं झालीं. टिटवी किडे, भुंगेरे, मुंग्या वेंचून खाते. असल्या रखवालदारासाठीं चार हात जमीन आठ दिवस उशिरां वखरली तर धन्याचें काय जातें?

शेवटीं कांहीं पथ्यें. भर दुपारीं घरट्याजवळ जाऊं नये. पक्षी उठला तर अंडीं उन्हानें भाजतात. अर्ध्या तासांत पक्षी परतला नाहीं तर लपण मागें न्यावें. त्याला बोलावण्यासाठीं ध्वनिमुद्रित आवाज वाजवूं नये. घरट्याचें ठिकाण चारचौघांत सांगूं नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस व घरट्यांस उपद्रव देणें हेंही शिकारीच्या व्याख्येंत येतें, हें ध्यानांत असावें.

येत्या उन्हाळ्यांत पाळी घालण्यापूर्वीं वाचकांनीं आपलें रान एकदां पायीं फिरून पाहावें. टिटवी ज्या जागेभोंवतीं घिरट्या घालून ओरडते, तेथें जपून पाऊल टाकावें. छायाचित्र साधलें तर उत्तमच. न साधलें तरी चार दगड अवश्य ठेवावे.