वरवरचे म्हणून हिणवू नका!

‘वरवर वाचू नका, आत शिरा!’ असे वर्षानुवर्षे मुलांना बजावणारा मी मराठीचा प्राध्यापक. पण पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने मला उलटाच धडा दिला. काही पदार्थांचे मर्म म्हणे त्यांच्या कातडीत असते!

सिलिकॉन, जर्मेनियम हे असे पदार्थ. धड तांब्यासारखी वीज वाहू देत नाहीत, धड काचेसारखी अडवीत नाहीत. म्हणून ते ‘अर्धवाहक’. त्यांच्यातील विजेवर बाहेरून ताबा ठेवण्याचा शॉकले यांचा प्रयत्न फसला, तेव्हा बार्डीन यांनी कारण सांगितले. पृष्ठभागावरच्या अणूंना एका बाजूस शेजारच नसतो. तेथे इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरचा प्रभाव आत पोचू देत नाहीत. हे कोडे सोडविता सोडविताच डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला.

हे इलेक्ट्रॉन पाहावयाचे कसे? पदार्थावर क्ष-किरण सोडावयाचे आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजावयाची. दिलेल्या ऊर्जेतून ती वजा केली, की इलेक्ट्रॉन आत किती घट्ट बांधलेला होता ते कळते. हिशेब दिवाळीच्या नव्या वहीइतका सरळ! या वर्णपटशास्त्राबद्दल स्वीडनच्या काई सीगबान यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वरच्या मोजक्या अणुथरांतलेच इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता निसटतात, म्हणून ही साक्ष कातडीचीच. मात्र साध्या हवेत स्वच्छ पृष्ठभाग क्षणार्धात मळतो. त्यामुळे हवेच्या दाबाच्या लाख कोटी पटींनी कमी दाबाची पोकळी लागते.

वाचकहो, हे सारे परमुलखातले वाटते ना? आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून काळे मँगेनीज डायऑक्साइड निघते. ते विजेरीच्या सेलमध्ये घालतात. तोही अर्धवाहकच! त्याच्या पृष्ठभागावरील मँगेनीज प्राणवायूशी कोणत्या नात्याने बांधले आहे, ते हेच शास्त्र सांगते. अशा अभ्यासासाठी लागणारा प्रखर प्रकाश देणारे ‘इंडस-१’ हे यंत्र तर १९९९ मध्ये आपल्या शेजारच्या इंदुरात सुरू झाले.

आमच्या खाणकामगारांच्या मुलांना त्या दगडाचे वजन आणि त्याची मजुरी ठाऊक आहे. त्याचे मर्मही त्यांच्यापैकीच कोणी उलगडावे, एवढीच माझी इच्छा. इंदूर काही फार लांब नाही.