चुस्कीची प्रतवारी : बर्फ आधी, रंग मागाहून

एप्रिलचा मध्य उलटला, की दिल्लीच्या रस्त्यांवर एक ओळखीची हातगाडी दिसू लागते. फळकुटावर लाल, हिरव्या, जांभळ्या आणि नारिंगी बाटल्यांची रांग, तिच्या मागे हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र आणि खाली गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. मुंबईत किंवा नागपुरात ज्याला बर्फाचा गोळा म्हणतात, तीच ही दिल्लीची चुस्की. गोळा हे नाव वस्तूच्या आकारावरून पडले, चुस्की हे ती चोखण्याच्या क्रियेवरून, तर मुंबईच्या गल्ल्यांतील ‘गारेगार’ ही हाळी तिच्या परिणामावरून. पदार्थ एकच, ज्या गावाला त्यातले जे महत्त्वाचे वाटले, ते त्या गावाने नावात घेतले.

नोकरीतील बदलीमुळे राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांत पहिल्याच उन्हाळ्यात एक वाद हमखास रंगतो : उत्तम चुस्की कोठली आणि स्वाद कोणता? २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तापमान नोंदले गेले. अशा शहरात हा वाद केवळ जिभेचा राहत नाही. मुलांच्या हातात रस्त्यावरचा बर्फ द्यावा की न द्यावा, हा घरातील वडीलधाऱ्यांचा खरा प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. म्हणूनच चुस्कीची प्रतवारी बाटल्यांपासून न करता लादीपासून करणे योग्य ठरते. सरबत एकदा ओतले गेले, की बर्फाचे खरे रूप कोणालाच दिसत नाही.

बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे उंच डबे पाण्याने भरून अतिथंड खाऱ्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. पाणी कडेकडून आत गोठत जाते. गोठताना ते विरघळलेली हवा आणि क्षार आपल्यापासून दूर लोटते. त्यामुळे लादीची बाजू काचेसारखी पारदर्शक होते आणि मधला भाग दुधी राहतो. जाणता विक्रेता हा दुधी गाभा पाणी गार करण्यासाठी बाजूला ठेवतो व कडेचा स्वच्छ बर्फ किसतो. मात्र पारदर्शक बर्फ म्हणजे निर्जंतुक बर्फ, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत; त्यांतील बरेचसे तग धरून राहतात आणि बर्फ वितळताच पुन्हा सक्रिय होतात. विषमज्वर व कावीळ यांचा प्रवास अशा पाण्यातूनच होतो. पाणी पिण्याजोगे असेल तरच बर्फ खाण्याजोगा, एवढा हा सरळ हिशेब आहे.

हा हिशेब ग्राहकाच्या डोळ्यांना दिसावा, यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली एक सोपी युक्ती योजली. मासळीसारखा नाशवंत माल टिकवण्यासाठी तयार होणाऱ्या बर्फात निळा रंग मिसळावा आणि खाण्याचा बर्फ बिनरंगी राहावा, अशी ती व्यवस्था आहे. यासाठी ठरवून दिलेले इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू हे दोन्ही रंग खाद्यपदार्थांतही चालतात, हे विशेष. निळ्या लादीतील रंग घातक नसतो, तिच्यातील पाण्याचा भरवसा नसतो. लादीवर निळसर झाक दिसली, तर त्या गाडीची प्रतवारी तेथेच संपली. झाक नसेल, तर पुढची पाहणी लादी जमिनीवर ठेवली आहे की पेटीत, आणि तिला लागणारे हात मघाशी कोठे होते, याची.

थंडाव्याच्या बाबतीत दिल्ली पूर्वीपासून काटेकोर आहे. अकबराच्या काळी पाणी गार करण्याची रीत अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवून ठेवली आहे. पाणी भरलेले बंद भांडे सोऱ्याच्या द्रावणात ढवळत फिरवायचे, की आतले पाणी गार होई. त्या पाण्याला थंड करणाऱ्या द्रव्याचा स्पर्शही होत नसे. पुढे १५८६ साली दरबार पंजाबात गेला, तेव्हापासून उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवला जाऊ लागला. अठराव्या शतकात हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीची भांडी पेंढ्यावर मांडून पहाटे त्यांतील पातळ पापुद्रा गोळा करण्याची पद्धत उत्तर भारतात प्रचलित होती. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली तिचे वर्णन इंग्लंडातील शास्त्रज्ञांना कळवले. १८३३ साली तर बोस्टनहून जहाजाने निघालेला बर्फ कलकत्त्याला उतरला. बादशहा आणि साहेब यांच्यापुरता असलेला हा शौक सामान्य माणसाच्या हातातील काडीवर आला, तो यांत्रिक कारखाने निघाल्यावर. सब्जी मंडी भागातील एका चौकाला लोक आजही बर्फखाना म्हणतात.

बर्फ चांगला असला, तरी किसणाऱ्याचा हात लागतोच. भरड किसलेल्या बर्फातून सरबत सरळ खाली ओघळते आणि चार घोटांत हातात पांढरा, बेचव खडा उरतो. फार मऊ किसला, तर त्याचा लगदा होतो. पाते धारदार असेल, तर रव्यासारखा कोरडा भुगा पडतो, आणि तो काडीभोवती दाबला की कण एकमेकांना धरून बसतात. दाबलेले बर्फाचे तुकडे असे सांधले जातात, या गोष्टीकडे मायकेल फॅरडे यांनी १८५० साली लक्ष वेधले होते. दिल्लीच्या गाडीवाल्याला फॅरडे ठाऊक नसला, तरी किती दाबायचे हे त्याच्या तळहाताला पक्के ठाऊक असते.

आता स्वादांकडे वळता येईल. पहिला क्रमांक काला खट्ट्याचा, आणि दुसरा त्याच्या फार मागे आहे. यामागे केवळ आवड नाही, तर कारणही आहे. जीभ थंड झाली की तिला गोडी कमी जाणवते. बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली या अनुभवामागची पेशींच्या पातळीवरची यंत्रणा दाखवून दिली. नुसते गोड सरबत बर्फावर पडताच फिके वाटते, आणि ते भरून काढण्यासाठी विक्रेता साखर वाढवत नेतो. काला खट्टा मात्र आंबटपणा व काळ्या मिठाच्या जोरावर उभा असतो. वरून लिंबू पिळले व भाजलेल्या जिऱ्याची चिमूट पडली, की शेवटच्या घोटापर्यंत त्याची चव टिकते. घामावाटे मीठ गमावलेल्या शरीरालाही ते बरे वाटते.

काला खट्टा जांभळाचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पूर्वी राजपथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्तव्यपथाच्या दुतर्फा जांभळाचीच झाडे आहेत, त्यामुळे दिल्लीत ही समजूत अधिकच पक्की होते. परंतु दिल्लीत जांभूळ पिकते ते पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि काला खट्ट्याची खरी मागणी असते एप्रिल-मे महिन्यांत. गाडीवरच्या बहुतेक बाटल्यांत कारखान्यातील अर्क, सायट्रिक आम्ल आणि रंगच असतो. जो विक्रेता आदल्या वर्षीच्या जांभळाचा रस साखरेत टिकवून ठेवतो, त्याची चुस्की जिभेवर जरा तुरट लागते. ती मिळाली, तर दोन रुपये अधिक द्यायला हरकत नसावी.

दुसरा क्रमांक कच्च्या कैरीचा. पन्ह्याची सवय असलेल्या मराठी जिभेला ती लगेच पटते. तिसरा खसचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा. त्याचा सुगंध मातीच्या माठाची आठवण करून देतो. पण गडद हिरवा रंग पाहून भुलू नये. वाळ्याच्या मुळांचे अत्तर पिवळट-तपकिरी असते, हिरवेपणा बाटलीतला. चौथे गुलाबाचे सरबत. हमदर्द दवाखाना १९०६ साली जुन्या दिल्लीत सुरू झाला आणि पुढे त्याच्या रूह अफजाने लाल सरबताची गोडी घरोघर पोचवली, म्हणून गुलाबाला या शहरात मान आहे. दुधात तो शोभतो. बर्फावर मात्र एकसुरी होतो. ज्यात संत्र्याचा थेंबही नसतो, ते ऑरेंज सर्वांत शेवटी, आणि त्याच्याही खाली सगळ्या बाटल्या एकत्र ओतून केलेली सातरंगी चुस्की. ती छायाचित्रासाठी ठीक.

कोकणातून आलेल्या माणसाला येथे कोकमाची उणीव भासते. दिल्लीकडे त्याचे उत्तर आहे फालसा. मे-जून महिन्यांत हे लहान जांभळे फळ काळे मीठ लावून विकले जाते, आणि त्याचे सरबत आंबटगोडात कोकमाच्या जवळ जाते. चुस्कीच्या गाडीवर ते क्वचित दिसते. दिसले, तर वरची सारी क्रमवारी बाजूला ठेवावी.

ठिकाणांची प्रतवारी अधिक अवघड आहे. या गाड्यांना पाट्या नसतात. ग्राहक त्यांना कोपऱ्यावरून ओळखतो. तरीही पहिला मान इंडिया गेटच्या परिसराला द्यावा लागतो, आणि तो तेथील हिरवळीसाठी नव्हे. तेथे खप मोठा असतो. लादी एका संध्याकाळीच संपते, सरबताच्या बाटल्या वारंवार भरल्या जातात आणि पात्याला गंज चढायला वेळ मिळत नाही. २०२२ साली कर्तव्यपथाचे नवे रूप खुले झाले, तेव्हा विक्रेत्यांसाठी वेगळ्या जागा आखण्यात आल्या. पूर्वीसारखे गवतावर बसल्याजागी चुस्की हातात येणे त्यामुळे कमी झाले. संसद मार्गावरील कार्यालये सुटल्यावर पायी जाणाऱ्यांना आता चार पावले अधिक टाकावी लागतात.

दुसरा क्रमांक फतेहपुरीतील ज्ञानी दी हट्टी या दुकानाचा, जरी तेथे काडीवरची चुस्की मिळत नाही. फाळणीनंतर लायलपूरहून आलेल्या कुटुंबाचे हे दुकान रबडी-फालुद्यासाठी प्रसिद्ध आहे. रबडी, शेवया आणि बर्फाचा चुरा एका पेल्यात येतात. काडीचा हट्ट धरणाऱ्यांना हा निवाडा मान्य होणार नाही. परंतु बर्फाने पदार्थाला किती साथ द्यावी आणि कोठे थांबावे, याचे इतके नेमके प्रमाण अन्यत्र आढळत नाही.

नोएडा आणि गुरुग्रामच्या मॉलमधील काउंटर तिसऱ्या क्रमांकावर. केवळ बर्फ हा निकष लावला, तर त्यांना पहिले यायला हवे होते : पाणी गाळलेले, यंत्र विजेचे, हातांत मोजे. पण सरबत बाटलीबंद एकाच साच्याचे, काळे मीठ हात आखडून आणि दाम गाडीच्या कितीतरी पट. लहान मुलांसाठी मात्र हीच जागा निर्धास्त. लाजपत नगर, करोल बाग, कमला नगर अशा बाजारांतील गाड्या चौथ्या. त्यांत फार चांगल्या आणि फार वाईट अशा दोन्ही सापडतात. लादी पाहिल्यावाचून त्यांच्याविषयी सरसकट मत देणे अन्यायाचे होईल.

या गाड्यांवर बर्फ का बिघडतो, याचे उत्तर बँकेतील माणसाला लवकर उमजावे. चुस्कीवाल्याचा कच्चा माल सकाळी विकत घेतल्या क्षणापासून घटू लागतो. कारखान्याच्या हिशेबात घसारा वर्षाचा असतो, येथे तो तासाचा असतो. संध्याकाळी वळीव आला, तर अर्धी लादी गटारात जाते, आणि सकाळच्या उधारीची रक्कम तेवढीच राहते. अशा वेळी स्वस्त बर्फ घेण्याचा किंवा उरलेला तुकडा उद्यासाठी ठेवण्याचा मोह होतो. जाड उष्णतारोधक पेटी असेल, तर घट बरीच कमी होते. पण पेटीसाठी हाती एकरकमी पैसे लागतात.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा २०१४ साली आला. विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती ही त्यातील मुख्य तरतूद आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून विनातारण खेळते भांडवल मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेनुसार पहिले कर्ज १५ हजार रुपयांपर्यंत, ते फेडल्यावर २५ हजार आणि नंतर ५० हजार रुपयांपर्यंत मिळते. योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. वेळेवर फेड करणाऱ्यास व्याजात सवलत मिळते. एक पेटी, एक धारदार पाते आणि खाण्याच्या बर्फाची रोख खरेदी यांसाठी एवढी रक्कम उपयोगी पडते. गाडीच्या खांबाला चिकटवलेला क्यूआर कोड आता सर्वत्र दिसतो. त्यावर जमा होणाऱ्या लहान लहान रकमांची नोंद कर्जाच्या अर्जाबरोबर मांडता येते, हे शाखेतील कर्मचाऱ्यांनी अशा खातेदारांना आवर्जून सांगावे.

पाऊस सुरू झाला, की दिल्लीची चुस्की ओसरते. ऑक्टोबर सरता सरता त्याच गाडीवर निखारे येतात, रंगीत बाटल्यांच्या जागी भाजलेली रताळी रचली जातात आणि त्यांच्या फोडींत आंबट कमरखाचे काप मिसळून शकरकंदीची चाट तयार होते. वरून शिंपडले जाते ते उन्हाळ्यातलेच काळे मीठ.