खोटे माप, खरा धूर

दुकानात खोटे वजन सापडले, तर वजनमाप निरीक्षक गिऱ्हाइकांना बोलावून कुणाचे किती ग्रॅम गेले याचा हिशेब मांडत बसत नाही. खोटे वजन वापरणे हाच गुन्हा असतो. डिझेल मोटारींच्या धूरचाचणीत कंपन्यांनी केलेल्या फसवणुकीची गेल्या दहा वर्षांतली न्यायालयीन वाटचाल पाहिली, तर याच तत्त्वाचे महत्त्व पटते. जिथे कायद्याने खोट्या मापालाच गुन्हा मानले, तिथे कंपन्यांना जबाबदार धरता आले. नुकसान कुणाचे आणि किती, या प्रश्नात जिथे कायदा गुंतला, तिथे जबाबदारी पातळ होत गेली.

प्रयोगशाळेत मोटार रोलरवर चढवून ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेगाने चालवतात. चाके फिरतात, पण स्टिअरिंग जागचे हलत नाही. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअरला चाचणी सुरू असल्याचे कळे आणि तेवढ्यापुरती धूर शुद्ध करणारी यंत्रणा नीट काम करी. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रणा ढिली सोडली जाई. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीची उपकरणे गाडीतच बसवून ती रस्त्यावर चालवली, तेव्हा प्रयोगशाळेतले आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे जुळेनात. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. कंपनी वर्षभराहून अधिक काळ तांत्रिक कारणे पुढे करत राहिली. अखेर १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोटीस काढली. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते आणि जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने मान्य केले.

अमेरिकेतला स्वच्छ हवा कायदा या बाबतीत सरळ आहे. शुद्धीकरणाची यंत्रणा निष्प्रभ करणारी सोय गाडीत असणे आणि मान्यतेच्या अर्जात ती दडवणे, एवढ्यानेच नियमभंग होतो. दंडही गाडीगणिक. त्या वेळी एका गाडीमागे तो ३७,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. कोणत्या गाडीच्या धुराने कुणाचा दमा वाढला, हे सिद्ध करायची गरजच नव्हती, आणि ते कुणाला सिद्ध करता आलेही नसते. म्हणूनच कंपनीला तडजोडीवाचून गत्यंतर उरले नाही. जून २०१६ च्या तडजोडीची रक्कम १४.७ अब्ज डॉलरपर्यंत होती. त्यात गाड्या परत विकत घेण्याबरोबरच हवेतील प्रदूषण कमी करण्यासाठी २.७ अब्ज डॉलरचा निधीही होता. म्हणजे ज्यांनी ती गाडी कधी घेतली नाही, पण तिचा धूर घेतला, त्यांचाही विचार झाला. मार्च २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि २.८ अब्ज डॉलरचा फौजदारी दंड तिच्यावर बसला.

युरोपातही अशा यंत्रणांवर २००७ च्या नियमाने बंदी होती. पण गाड्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थांनी ती कडकपणे राबवली नाही. त्यामुळे कंपनीला जाब विचारण्याचे काम बव्हंशी ग्राहकांच्या दिवाणी दाव्यांवर येऊन पडले. २५ मे २०२० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फोक्सवॅगनचे वर्तन हे ग्राहकाचे जाणूनबुजून, नीतिबाह्य रीतीने केलेले नुकसान ठरवले आणि गाडी परत घेऊन पैसे द्यायला सांगितले. निकाल मोठा होता, पण गाडी जितकी चालली तितकी रक्कम वजा होणार होती. पुढे जुलैमध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, वापराचे मोल किमतीइतके झाले असेल तर ग्राहकाला काहीच मिळणार नाही. याचा परिणाम विचित्र होतो. गाडी जितकी जास्त धावली, तितका तिचा धूर जास्त आणि तितकीच कंपनीची देणी कमी! खरेदीदाराचे नुकसान हेच माप धरले, की हिशेब असा उलटा लागतो.

कंपन्यांचा एक बचाव असा, की थंडीत यंत्रणा आवरली नाही तर इंजिन बिघडते. नियमात इंजिनाच्या संरक्षणासाठी सवलत आहेच. परंतु काही गाड्यांत शुद्धीकरण साधारण १५ ते ३३ अंश तापमानातच पूर्ण चाले, आणि युरोपातल्या हवामानात वर्षाचा मोठा काळ त्याखालीच जातो. युरोपीय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले की, जी सवलत नेहमीच्या परिस्थितीत वर्षाचा बराच काळ लागू राहते, ती अपवाद म्हणून खपवता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणात त्याने आणखी पुढे जाऊन, फसवण्याचा हेतू सिद्ध झाला नाही आणि केवळ निष्काळजीपणा असला, तरीही ग्राहकाला भरपाईचा हक्क दिला. त्यानंतर जर्मन न्यायालयाने किमतीच्या ५ ते १५ टक्के अशी भरपाईची चौकट आखली. हेतू शोधण्याऐवजी वस्तुस्थिती पाहण्याकडे कायदा इथे वळला, हे योग्यच झाले.

दुसरा बचाव भारतातही मांडला गेला. मोटारींची तपासणी करणाऱ्या पुण्यातल्या एआरएआय या संस्थेच्या रस्त्यावरील चाचण्यांत फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. मात्र भारतात रस्त्यावरील उत्सर्जनाला मर्यादाच नव्हती, तेव्हा नियम मोडला कुठे, असा कंपनीचा सवाल होता. त्यात तथ्य नाही असे नाही. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या अनेक प्रामाणिक गाड्याही रस्त्यावर जास्त धूर सोडत. पण मर्यादा ओलांडणे वेगळे आणि परीक्षक समोर आहे हे ओळखून वागणूक बदलणे वेगळे. पहिल्यात चाचणी कमी पडते, दुसऱ्यात चाचणीचीच फसवणूक होते. तरीही आपला वाद टनांच्या हिशेबाकडेच गेला. तज्ज्ञ समितीने दिल्लीच्या हवेतील प्रदूषणावरून १७१.३४ कोटी रुपयांचा अंदाज केला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये जरब बसावी म्हणून ५०० कोटींचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने कठोर कारवाईला स्थगिती दिली.

मोठ्या दंडाचा भार अखेर कामगार आणि भागधारकांवर पडतो, हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर दंड सोडणे हे नाही. दंडाबरोबर निर्णय घेणाऱ्या व्यक्तींनाही जबाबदार धरणे, हे आहे. ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले, त्यांपैकी दोघांना तुरुंगवास सुनावला. याला दहा वर्षे लागली, हाच त्यातला दोष.

भारतात आता एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी मान्यतेचा भाग झाली आहे आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पर्यावरणाला घातक गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. म्हणजे मोजपट्टी सुधारली. पण नवी चाचणीही कुणीतरी ओळखायला शिकेल. अशा वेळी किती टन धूर निघाला आणि खरेदीदाराचे किती रुपये बुडाले, हे प्रश्न भरपाईची रक्कम ठरवताना विचारावेत. दोष ठरवायला एकच प्रश्न पुरेसा असावा: चाचणी ओळखणारी सोय गाडीत होती का, आणि ती दडवली होती का? उत्तर हो असेल, तर प्रत्येक गाडीमागे दंड लागला पाहिजे. फसवणूक हिशेबाने परवडते तोवर ती होत राहील, आणि तो हिशेब बदलणे कायद्याच्या हातात आहे.