वाटसरूची एक रात्र

चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनासमोर राजा सर रामस्वामी मुदलियार यांनी उतारूंसाठी एक छत्र बांधले. परगावाहून आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकता यावी, हा त्यामागचा हेतू. तमिळमध्ये अशा वास्तूला ‘चत्तिरम्’ म्हणतात. मूळ शब्द संस्कृत ‘सत्र’. आपल्या ‘अन्नछत्रा’त तोच दडलेला आहे. इंग्रजांनी या वास्तूंना ‘चौल्ट्री’ हे नाव दिले, आणि त्याचे नाते आपल्या गावातल्या चावडीशी आहे. आजच्या अण्णा सालैच्या आसपासचा मोठा मोकळा पट्टा कंपनीच्या काळात ‘चौल्ट्री प्लेन’ म्हणूनच ओळखला जाई.

आज या छत्रांची आठवण होण्याचे कारण निराळे आहे. युरोप-अमेरिकेत निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली मोटार घेऊन प्रवास करणारे पुष्कळ लोक आहेत. ही मोटार रात्री कोठे उभी करावी, या प्रश्नाला फ्रान्समध्ये १९९३ साली एक छान उत्तर निघाले. द्राक्षमळेवाले आणि शेतकरी आपल्या अंगणात एका रात्रीपुरती जागा मोफत देऊ लागले. ‘फ्रान्स पासियाँ’ हे त्या योजनेचे नाव. अमेरिकेत २००९ पासून ‘हार्वेस्ट होस्ट्स’ हीच गोष्ट करते. तेथे शेते आहेत, मद्यशाळा आहेत, बिअरच्या भट्ट्या आहेत. प्रवासी संस्थेला वार्षिक वर्गणी देतो, यजमानाला भाडे देत नाही; मात्र निघताना त्याच्याकडची बाटली, मध, भाजी असे काही विकत घ्यावे, अशी अपेक्षा असते. मद्यशाळांना यात विशेष रस का, हे उघड आहे. चव घेतलेल्या गिऱ्हाइकाने त्या रात्री गाडी चालवू नये, हेच सर्वांच्या हिताचे!

श्रोतेहो, ही कल्पना आपल्याला नवी वाटते. पण तिचे निम्मे अंग आपल्या परिचयाचे आहे. बैलगाडी हे पूर्वीचे चालते घरच होते. गाडीत अंथरूण, भांडी, शिधा. मुक्कामी बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची. प्रवाशाला हवे असे ते पाणी, सावली आणि निर्धास्त जागा.

या आतिथ्याची सर्वांत भरघोस हकीकत एका मराठी राजाने लिहून ठेवली आहे. तंजावरच्या सरफोजी राजांनी १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. पुढे छत्रांकडे लावून दिलेल्या गावांचे काय होणार, ही चिंता उभी राहिली. तेव्हा १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून, रामेश्वरच्या वाटेवरची आपल्या पूर्वजांची छत्रे कशी चालतात ते सविस्तर कळविले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सर्वांना तेथे शिजलेले अन्न मिळे. शिजलेले नको असेल त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, असा पुकारा होई. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, वाटेतच मरण आलेल्यास अंत्यसंस्कार. मुलांना शिकवायला पंतोजी, आणि चारही वेदांना एकेक अध्यापक! राज्य गेल्यावर राजाने ज्या थोड्या गोष्टींसाठी रदबदली केली, त्यांत ही होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांच्याच काळचे.

मात्र छत्राचे आतिथ्य जमिनीच्या उत्पन्नावर उभे होते. ते उत्पन्न आटले, आगगाडी आली, आणि छत्रे निराळ्या वाटेला लागली. मद्रासचे मणेगार छत्र १७८२ च्या दुष्काळात पेज वाटण्यासाठी निघाले. त्यातूनच पुढे रुग्णालय झाले, आणि आजचे स्टॅन्ली रुग्णालय हे त्याचेच पुढचे रूप. दक्षिणेत आज पुष्कळांना ‘चौल्ट्री’ म्हटले की लग्नाचे कार्यालय आठवते.

फ्रेंच शेतकऱ्याच्या अंगणातली रात्र दानावर चालत नाही, आणि निव्वळ धंदाही नव्हे. यजमानाला खर्च जवळजवळ नाही. त्याला दारात गिऱ्हाईक मिळते. कोरडा शिधा मागणाऱ्या यात्रेकरूसारखा हा पाहुणा आपली चूल आपणच पेटवतो. मला ही रीत आपल्या शेतकऱ्याला झेपण्यासारखी वाटते. महाराष्ट्राने २०२० साली कृषिपर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅनचे धोरण जाहीर केले. नाशिकला द्राक्षमळे आहेत; गंगापूर धरणाजवळच्या सुला मद्यशाळेने २००५ पासूनच पाहुण्यांसाठी चव घेण्याची सोय केली. चेन्नईकडे चित्र वेगळे राहील. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारी महामंडळाकडे आहे. तेव्हा तेथे यजमान व्हायचे ते आमराईवाल्याने किंवा नारळीच्या बागवाल्याने.

अडचण आहे ती सांडपाण्याची. परदेशात बहुतेक यजमान, शौचकूप आणि मैल्याची टाकी गाडीतच असलेल्यांनाच घेतात. ती टाकी शेतात रिकामी करायची नाही, ठरलेल्या जागी नेऊन करायची. आपल्याकडे अशा जागा वाटेवर मिळणे कठीण. द्राक्षाच्या बांधावर एका रात्रीचा पाहुणा हवा असेल, तर आधी सरकारने हमरस्त्यांवर ती सोय करावी. बाकीचे शेतकरी आणि प्रवासी आपसांत ठरवतील.