विश्लेषण : नेरूळचा फ्लेमिंगो तलाव कोरडा का पडतो?

भिंतींवरची गुलाबी चित्रे, चौकांतले पुतळे आणि ‘फ्लेमिंगो सिटी’ हे बिरूद नवी मुंबई अभिमानाने मिरवते. पण नेरूळच्या डीपीएस तलावावर २०२४ च्या हंगामात हे पक्षी मृत आणि जखमी अवस्थेत सापडले. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. तरीही तलावाचा प्रश्न पाण्यापाशीच येऊन थांबतो.

नेरूळ वसले कसे?

सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांची शेती आणि मिठागरे संपादित करून तिने उपनगरे आखली. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे ही आगरी-कोळ्यांची गावे आज सेक्टरांच्या मधोमध आहेत. लोकल १९९३ मध्ये आली आणि नोकरदारांनी नेरूळ भरले. गेल्या वर्षी महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. गावठाणात मात्र गरजेपोटी बांधलेल्या घरांची चर्चा संपलेली नाही, आणि सारसोळ्याचे कोळी आजही होडी काढतात ती भरती-ओहोटी पाहूनच.

पक्षी तलावावर का येतात?

फ्लेमिंगोंचे वेळापत्रकही भरती-ओहोटीवरच चालते. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. भरतीचे पाणी चढले की उभे राहायला जागा उरत नाही. मग ते पामबीच रस्त्यालगतच्या उथळ पाणथळींवर विसाव्याला येतात. डीपीएस, एनआरआय आणि टी. एस. चाणक्य या त्यातल्या प्रमुख जागा. त्यातल्या काहींवर गोल्फ कोर्स आणि गृहप्रकल्प उभारण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे.

बिघडले कुठे?

तलावात खाडीचे पाणी चर आणि मोऱ्यांतून ये-जा करते. नेरूळ जेट्टी आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात हे मार्ग बुजल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली. पाणी अडले की आतले शेवाळ साचून कुजते, तळ सुकतो आणि सुकलेल्या चिखलावरून भटके कुत्रे थेट पक्ष्यांपर्यंत पोहोचतात. पाण्याने वेढलेला पक्षी त्यांच्या हाती सहसा लागत नाही. त्याच हंगामात जेट्टीच्या परिसरातल्या फलकावर आदळूनही पक्षी मेले. दोष केवळ कुत्र्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्यांना वाट करून दिली ती बुजलेल्या मोऱ्यांनी.

विमानतळाशी याचा संबंध काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ नेरूळपासून दूर नाही. विसाव्याची जागा गेली तर पक्षी दुसरी पाणथळ शोधतील आणि ती विमानांच्या वाटेवर असू शकेल, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आधीच दिला होता. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून अधिक फ्लेमिंगो मरण पावले, तेव्हा हा धोका मुंबईने पाहिला.

आता पुढे काय?

संवर्धन राखीव क्षेत्राचा फलक लागल्याने पाणी आपोआप आत येणार नाही. मोऱ्या मोकळ्या ठेवणे, गाळ काढणे आणि भरतीचे पाणी खरोखर आत शिरते का हे पाहणे, हे दर हंगामाचे काम आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो पाहायचे असतील तर भरतीची वेळ गाठून तलावावर जावे. ओहोटीला ते खाडीवर असतात.