नवजात बालकाचा जंतुदोष : तो ओळखावा कसा?

मोठ्या माणसास आजार झाला, की तो तोंडाने सांगतो. डोके दुखते, अंग मोडून आले आहे, थंडी वाजते, हे त्याचे शब्दच डॉक्टरांना अर्धे निदान करून देतात. नवजात बालकापाशी शब्द नाहीत आणि पुष्कळदा तापही नसतो. जन्मानंतरचे पहिले २८ दिवस ही नवजात अवस्था. या दिवसांत रक्तात जंतू शिरून वाढू लागले, म्हणजे जो विकार जडतो त्यास 'सेप्सिस' असे म्हणतात. काही तासांत तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून त्याचे निदान कसे होते आणि त्यात घरच्या माणसांचा वाटा कोणता, हे आपण आज पाहू.

प्रथम जंतू येतात कोठून? पाणमोट फुटून फार वेळ गेला असेल किंवा प्रसूतीच्या वेळी आईला ताप असेल, तर ते आईकडून येऊ शकतात. एरवी ते न धुतलेल्या हातांतून, नाळेच्या ओल्या जखमेतून, रुग्णालयातील सुया-नळ्यांतून प्रवेश करतात. बालकाची तटबंदी या वेळी कच्ची असते. आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांतच मोठ्या प्रमाणात वारेतून बाळाकडे येतात. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले मूल या शिदोरीला मुकते. आईचा पहिला चीक त्यात मोलाची भर घालतो. तो पिळून टाकून देण्याची जुनी चाल म्हणूनच घातक होय.

आता निदानाकडे वळू. मुख्य परीक्षा रक्ताच्या 'कल्चर'ची. तिचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातील विरजणाहून फार वेगळे नाही. दुधात चमचाभर दही घातले, तर त्यातील जंतू वाढून दही लागायला रात्र जाते. तसेच बालकाचे सुमारे १ मिलिलिटर रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. जंतू असतील तर ते वाढतात, आणि कोणते औषध त्यांना मारते हेही पुढे तपासता येते. पण या वाढीला बहुधा एक ते दोन दिवस लागतात. शिवाय अडीच किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सारे मिळून रक्त असते जेमतेम २०० मिलिलिटर. त्यातून फार घेता येत नाही. आणि रक्त थोडे पडले किंवा औषध आधीच दिलेले असले, की जंतू असूनही बाटली कोरी राहते. उलट, कातडीवरचे निरुपद्रवी जंतू सुईबरोबर आत गेले, तर नसलेला आजार दिसतो. रक्तातील पांढऱ्या पेशींची मोजणी किंवा 'सी. आर. पी.' ही तपासणी मदत करते, पण एकटीच्या बळावर निकाल देऊ शकत नाही.

परीक्षेला दोन दिवस लागावेत आणि आजाराने दोन दिवस थांबू नये, असा हा पेच आहे. यातून वैद्यकाने काढलेली वाट अशी : संशय बळकट असेल तर आधी रक्त घ्यावे आणि लगेच प्रतिजैविक औषध सुरू करावे, दीड-दोन दिवसांनी बाटली कोरी निघाली आणि बालक खुशाल असले, तर ते थांबवावे. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. दिल्लीतील तीन रुग्णालयांतील नवजात बालकांची मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आढळलेल्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू अनेक औषधांना न जुमानणारे होते. अकारण दिलेले औषध पुढच्या बालकाचे औषध बोथट करते.

परंतु जेथे प्रयोगशाळाच नाही तेथे काय? याचे उत्तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्या घरोघरी जाऊन बालके तपासत, आणि आईबाप रुग्णालयात जाण्यास तयार नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच इंजेक्शन देत. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याचे निष्कर्ष छापून आले. उपचारांपूर्वी सेप्सिसच्या दर १०० बालकांपैकी १६.६ दगावत; नंतर हे प्रमाण २.८ वर आले. येथे कल्चरची बाटली नव्हती. होते ते शिकविलेले डोळे आणि हात.

ते डोळे काय पाहत? २००५ साली याच कामाच्या नोंदींतून सात खुणा निश्चित करण्यात आल्या : बाळाचे पिणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा बंद पडणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, अंग हाताला थंड लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, बेंबीत पू होणे. यांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर बालकास उपचार हवेत. या कसोटीत आपोआप बरी झाली असती अशीही काही बालके सापडतात. पण एखादे मूल सुटून जाण्यापेक्षा ते परवडते. आणि हे शास्त्रज्ञांचे गणित झाले. घरच्यांनी मात्र दुसऱ्या खुणेची वाट पाहत बसू नये. एक दिसली तरी दवाखाना गाठावा. ताप आला तरीही तेच.

आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे मानून बाळाजवळ जागरण करतात. त्या समजुतीचे काहीही असो, जागण्याची चाल आम्हांस मोलाची वाटते. मात्र ती एका रात्रीपुरती नसावी, आणि जागणाऱ्याने बाळाकडे पाहावे. काल नेटाने पिणारे बाळ आज पीत नाही, हे प्रथम कळते ते आईला. तिने ते सांगितल्यावर 'लहान मुले अशीच करतात' म्हणून घुटी, अंगारा किंवा उद्याचा दिवस यांवर भिस्त ठेवू नये. आशा कार्यकर्ती घरी येईल तेव्हा तिला बाळ उघडून दाखवावे, आणि बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. प्रयोगशाळेचे उत्तर परवा येईल. आईचा प्रश्न आज आला आहे, आणि त्याची दखल आजच घ्यावयास हवी.