लेव्हल वाढली, आता पॉइंट कुठे टाकायचे?

मोबाईल गेममध्ये आपण जी लेव्हल वाढवतो, ती आयडिया रुजली कागद, पेन्सिल आणि फाशांवरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा गेम 1974 मध्ये आणला.

आमचा ग्रुप अर्धा नांदेडला, अर्धा लातूरला. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर खेळतो. नकाशा म्हणून खंदकासकट कंधारचा किल्ला घेतलाय. तिथे माझा योद्धा चौथ्या लेव्हलला पोचला आणि 2 पॉइंट मिळाले. स्ट्रेंथ 16 होती, विझडम, म्हणजे मनाचा खंबीरपणा, फक्त 8.

आधी गणित बघू. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आकड्यातून 10 वजा करून निम्मे करायचे, अर्धा उरला तर खाली धरायचा. जे येईल ते वीस बाजूंच्या फाशात मिळवायचं. 16 ला +3, 8 ला -1. (16 चे 17 केले तर काहीच वाढत नाही, इथे नवखे हमखास फसतात.) 2 पॉइंट कुठेही टाका, फरक 1 चाच, म्हणजे 5 टक्के. पण तलवारीसाठी फासा दर फेरीत पडतो, मन सांभाळायला कधीतरीच.

मग काय, लातूर पॅटर्नच्या पोरासारखा विचार केला: स्कोरिंग विषय घोटा. स्ट्रेंथ 18!

पुढच्याच रविवारी 'होल्ड पर्सन' मंत्र आला. वाचायला एकूण 13 हवे होते, म्हणजे फाशावर किमान 14. शक्यता 35 टक्के. नाही पडले. योद्धा जागीच थिजला, आणि अशा वेळी जवळून लागलेल्या प्रत्येक वाराला नुकसानीचे फासे दुप्पट.

विझडम 10 केली असती तरी शक्यता 40 टक्केच. खरा उपाय 'रेझिलिअंट' फीट होता. डंजन मास्टरने परवानगी दिली तर 2 पॉइंटऐवजी तो घेता येतो. विझडम 9 होते, वर प्रोफिशियन्सीचे +2 मिळतात. शक्यता 45 टक्के, आणि प्रोफिशियन्सी नवव्या लेव्हलला +4, सतराव्याला +6 होते. कच्चा आकडा कच्चाच राहतो, पण ज्या फाशावर जीव जातो तेवढाच सावरतो.

त्या रात्री मला वाचवलं लातूरच्या मैत्रिणीच्या पुजारिणीने. तिने थेट मांत्रिकालाच हाणलं, त्याची एकाग्रता तुटली आणि मंत्र सुटला. विझडम अजून 8 च आहे. पुढच्या वेळी पॉइंट मिळाले की फीट घेणार. तोवर ती ऑनलाइन दिसल्याशिवाय मी किल्ल्याचा दरवाजा उघडत नाही.